पाळक कोठे घडावा?

धर्मसेवेच्या शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा अभ्यासक्रमापासून सुरू होते. कोणत्या वर्षी कोणता विषय शिकवावा, ग्रीक सक्तीचे असावे की ऐच्छिक, पदवी कोणत्या विद्यापीठाची असावी, या प्रश्नांवर विद्वानांच्या सभा भरतात, ठराव होतात आणि त्या ठरावांची दप्तरे वाढत जातात. परंतु ज्या मंडळीसाठी हा सारा खटाटोप करावयाचा, ती मंडळी कोठे बसते, घरात कोणती भाषा बोलते, वर्षातील किती महिने आपल्या गावात असते, याची विचारपूस अगदी शेवटी होते, किंवा होतच नाही. हा क्रम मला उलटा वाटतो. आणि तो सुलट करून पाहावयाचा झाल्यास नंदुरबार जिल्ह्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत शेकडा एकोणसत्तरांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याच्या बाजूस वसावी आणि देहवाली, जुन्या अक्राणी महालात म्हणजे धडगावच्या डोंगरांत पावरी आणि भिलोरी, सपाटीवर अहिराणी व गुजरी अशा भाषा येथे नांदतात, आणि नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा तर अर्धा फलाट महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. येथील बहुसंख्य माणसांना मराठी ही शाळेची व कचेरीची भाषा म्हणून नंतर भेटलेली असते. ख्रिस्ती मंडळीतही तेच. रविवारी ‘उपासनासंगीता’तील गीत मराठीत गाइले जाते, शास्त्रपाठ मराठीत होतो, पाळकसाहेबांचा संदेशही मराठीतच चालतो, पण उपासना आटोपून माणसे बाहेर आली, की दुखणे, कर्ज, भांडण, मुलीचे लग्न, मेलेल्याची आठवण, हे सारे मावचीत किंवा वसावीत बोलले जाते. अंतःकरण ज्या भाषेत उघडते, ती भाषा आणि धर्मवाणी ज्या भाषेत उतरते, ती भाषा, यांच्यामध्ये जी दरी राहते ती ओलांडण्यासाठीच वास्तविक पाळक हवा असतो. हा माणूस आज घडतो कोठे?

दोन ठिकाणी घडतो. पहिले ठिकाण म्हणजे शहरातील पाठशाळा. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत स्थलांतरित झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही या मार्गाची ठळक खूण. कॅथलिक पंथापुरते बोलावयाचे तर, नंदुरबारचा समावेश १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात होतो, आणि धर्मगुरूंच्या शिक्षणाचे पश्चिम भारतातील मोठे पीठही पुण्यातच आहे. १९५५ मध्ये ते सिंहलद्वीपातील कँडीहून तेथे आले. दुसरे ठिकाण म्हणजे अल्पमुदतीचे वर्ग: कोठे तीन महिने, कोठे सहा आठवडे, कोठे तर एका सप्ताहाचे शिबिर, आणि शेवटी हातात एक प्रशस्तिपत्र. डोंगरातील लहान मंडळ्यांपैकी कितीतरी मंडळ्यांचा भार या दुसऱ्या वाटेने आलेल्या तरुणांच्या खांद्यावर आहे, आणि त्यांच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पावसात नदी ओलांडून, पदरचे खाऊन, मेलेल्याच्या घरी रात्रभर बसणारी ही माणसे आहेत.

पहिल्या वाटेने गेलेला मुलगा विद्वान होतो, परंतु तीन-चार वर्षे इंग्रजी पुस्तकांत आणि शहरी वसतिगृहात काढल्यावर तो धडगावला परततोच असे नाही. आणि परतला, तरी त्याची वाणी परतत नाही. दुसऱ्या वाटेने आलेला गावाचाच राहतो, परंतु त्याच्या शिदोरीत दहा-बारा प्रवचने असतात व ती संपली की तो त्याच प्रवचनांचा आवाज वाढवू लागतो. या दोहोंपैकी एकाचा कैवार घेऊन दुसऱ्यास दोष देण्याची आपल्याला खोड आहे. उत्साही लोक म्हणतात, पेत्र कोळी होता, त्याला कोणी पदवी दिली? विद्वान म्हणतात, अर्धवट शिकलेल्याच्या हाती मंडळी देणे म्हणजे अडाण्याच्या हाती औषधाची बाटली देणे. दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत, हे या जिल्ह्याच्या इतिहासानेच दाखवून दिले आहे.

पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी जे मिशनरी आले, त्यांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या संस्थेचे लोक प्रमुख होते. नवापूर आणि चिंचपाडा ही त्यांची ठाणी. ही संस्था १८९० मध्ये शिकागो येथे फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या सुवार्तिकाने स्थापन केली, आणि तिचा जन्मच मुळी अल्पमुदतीच्या बायबलवर्गांतून झाला: काही दिवसांचे शिक्षण घ्यावे आणि चीनकडे निघावे, अशी त्याची रीत होती. तेव्हा सहा आठवड्यांच्या वर्गाचे समर्थन करणारा म्हणू शकेल, की पाहा, आमच्या मंडळ्यांचे मूळच अशा वर्गात आहे. पण त्या वर्गात बसणारे तरुण कोण होते, हे कोणी विचारीत नाही. स्वीडनमध्ये १६८६ च्या धर्मकायद्यापासून प्रत्येक पाळकाने घरोघर जाऊन, मालकापासून मोलकरणीपर्यंत प्रत्येकास वाचता येते की नाही आणि प्रश्नोत्तरावली समजली आहे की नाही, याची परीक्षा घ्यावयाची आणि तिची नोंद वहीत ठेवावयाची, असा शिरस्ता होता. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरगुती शिक्षणातून स्थलांतरितांच्या त्या पोरांनी शास्त्रवचने आईच्या दुधाबरोबर घेतली होती. फ्रान्सनचे काही दिवस दोनशे वर्षांच्या पायावर उभे होते. तेच काही दिवस उचलून आपण अशा तरुणास देतो, ज्याच्या आजीला अक्षरओळख नव्हती आणि ज्याच्या आईच्या भाषेत छापलेली पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आणि मग तो कमी पडला म्हणून त्यालाच बोल लावतो. अल्पशिक्षण हे गरिबाला दिलेले कमी प्रतीचे धान्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरातल्या माणसाला थोडके पुरते, या समजुतीत त्याचा जो अपमान दडलेला आहे तो देणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

याउलट, शहरातील पाठशाळांनी आपला मूळ हेतू काय होता ते एकदा आठवावे. बंगालमधील श्रीरामपूरचे महाविद्यालय १८१८ मध्ये निघाले, १८२७ मध्ये त्याला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली, आणि १९१८ च्या कायद्यापासून धर्मशास्त्राच्या पदव्यांची देशभरची व्यवस्था त्याच्या सिनेटकडे आली. परंतु स्थापनेच्या वेळचे त्याचे घोषित प्रयोजन पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान या दोहोंचे शिक्षण आशियातील ख्रिस्ती व इतर तरुणांना देणे हे होते. त्याच्या संस्थापकांतील विल्यम केरीने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापले, आणि मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपुराहून बाहेर पडला. त्या कामी वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. त्याहीपूर्वी, १६१६ मध्ये, गोव्याच्या रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवी आत्मसात करण्यास किती वर्षे दिली असतील याची कल्पना करावी. त्या काळी विद्वत्ता म्हणजे लोकांच्या भाषेत उतरण्याचे सामर्थ्य असे मानीत. आज बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीचा अभ्यास प्रायः इंग्रजीतून होतो, मराठी ही दुय्यम सोय ठरते, आणि मावची तर विचारातच येत नाही. श्रीरामपूरच्या सनदेचे वारस म्हणविणाऱ्यांनी ही गोष्ट लाजिरवाणी मानली पाहिजे.

विद्वत्तेची गरज मात्र डोंगरात कमी आहे असे कोणी समजू नये. उलट तेथे ती अधिक आहे, आणि याचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. अहमदनगरला १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची पाठशाळा काढणारे रॉबर्ट ॲलन ह्यूम १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत गेले असता अँडोव्हर येथील एका भाषणावरून गोत्यात आले. शुभवर्तमान ज्यांच्या कानी कधीच पडले नाही असे पूर्वज नरकातच गेले काय, त्यांना मरणोत्तर काही संधी असू शकेल काय, हा तो प्रश्न होता. आणि पूर्वजांवर श्रद्धा असलेल्या समाजात कठोर उत्तर हा सेवेच्या मार्गातील धोंडा आहे, असा ह्यूम यांचा अनुभव होता. मिशनच्या बॉस्टनमधील मंडळाने त्यांची परतीची परवानगी रोखून धरली. अखेर १८८७ मध्ये ते नगरला परतले. दख्खनच्या खेड्यापाड्यांत विचारला जाणारा प्रश्न असा बॉस्टनच्या पंडितसभांना हलवून गेला. हाच प्रश्न आज सातपुड्यात जिवंत आहे. जेथे पूर्वजांना नैवेद्य दाखविल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालीत नाहीत, तेथे प्रभूचे नाव घेतलेला म्हातारा पाळकाला एक दिवस विचारणारच, की माझ्या आजाचे काय? सहा आठवड्यांच्या वर्गातून आलेला तरुण या प्रश्नाला पाठ केलेले कठोर उत्तर देतो आणि त्या म्हाताऱ्याला आपल्याच रक्तापासून तोडतो. शहरातून पदवी घेऊन आलेल्याने या विषयावर चार इंग्रजी ग्रंथ वाचलेले असतात, पण ते मावचीत कसे सांगावे हे त्याला सुचत नाही. ख्रिस्ताच्या अधोलोकगमनाविषयी प्राचीन मंडळीने काय मानले, पेत्राच्या पहिल्या पत्रातील त्या गूढ ओळींचा अर्थ किती प्रकारे लागला, आणि जेथे शास्त्र मौन आहे तेथे पाळकानेही मौन कसे धरावे, एवढे ज्याला कळते व कळलेले आजाच्या नातवाला त्याच्या भाषेत सांगता येते, तोच खरा शिकलेला.

दुसरे उदाहरण दुखण्याचे. या भागात अनेक कुटुंबे मंडळीत येतात ती आजाऱ्यासाठी झालेल्या प्रार्थनेच्या निमित्ताने. भगताकडे कोंबडे गेले, बकरे गेले, गुण आला नाही. कोणी प्रार्थना केली, गुण आला. घर ख्रिस्ती झाले. या श्रद्धेची मी हेटाळणी करणार नाही, कारण प्रार्थनेने माणसाला आधार मिळतो, आणि देव ऐकतो अशी माझीही श्रद्धा आहे. परंतु ज्याला मंडळीने पाळक म्हणून नेमले, त्याला हेही ठाऊक असले पाहिजे, की आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा रक्तदोष आईबापांपासून येतो; दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो आजार होण्याचा संभव चारांत एक असतो; आणि म्हणून लग्न लावण्यापूर्वी वधूवरांना रक्ततपासणीस पाठविणे हेदेखील पाळकाच्या कर्तव्यातच येते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून उभे आहे. प्रार्थना आणि औषध यांचे वैर नाही, हे त्या इमारतीने इतकी वर्षे दाखविले. तरी ताप उतरेपर्यंत उपासच करा असे सांगणारा उपदेशक अधूनमधून भेटतोच. तो दुष्ट नसतो. त्याला कोणी शिकविलेलेच नसते. प्रत्येक पाळकशिष्याने रुग्णालयाच्या आवारात निदान एक ऋतू काढावा, जखम बांधावी, बाळंतिणीच्या नातलगांशी बोलावे, मेलेल्याची बातमी आईला कशी सांगतात ते पाहावे. पाळकीय सेवेचा याहून चांगला वर्ग पुण्यातही निघणार नाही.

शेजारधर्माविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण त्याविषयी आज या जिल्ह्यात मने दुखावलेली आहेत. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निवाडा दिला. अनुसूचित जातींच्या आदेशात आहे तशी धर्माची अट अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात घातलेली नाही. या तीन गोष्टी पाळकाला मुखोद्गत हव्यात, भांडण्यासाठी नव्हे, तर भांडण टाळण्यासाठी. आणि त्याहून अधिक, त्याला आपल्या लोकांच्या जुन्या धर्माचे ज्ञान हवे. याहामोगी माता कोण, वाघदेवाची पूजा का करतात, काठी गावच्या होळीला डोंगर का लोटतो, हे न जाणता जो त्यांची निंदा करतो, तो आपल्याच आईच्या अंगावर चिखल उडवितो. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलामहाराजांनी १९३८ च्या सुमारास, कोणत्याही पाठशाळेचा उंबरा न ओलांडता, हजारो भिल्लांना दारू सोडावयास, स्नान करावयास, एकमेकांस ‘आप’ म्हणावयास शिकविले. माणसाला माणूस म्हणून सन्मानाने हाक मारणे हाच ज्याचा गाभा, असा उपदेश या मातीतून निघू शकतो, हे ख्रिस्ती पाळकाने आदराने अभ्यासिले पाहिजे. आपल्या अभ्यासक्रमात जर्मन पंडितांच्या मतांना जागा असते. मोरवडला ओळभरही नसते.

वेतनाचा प्रश्न मी थोडक्यात सांगतो. परक्या पैशावर पोसलेली सेवा मंडळीला दुबळी करते, असे मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवले. आणि नारायण वामन टिळकांनी, जे अहमदनगरच्या पाठशाळेत शिकवीत असत, १९१७ मध्ये मिशनचा मुशाहिरा सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, तो याच जाणिवेतून. मात्र उपाशी पाळक म्हणजे साधू पाळक, असा अर्थ मंडळीने काढू नये. पौल तंबू शिवून पोट भरीत असे, हे खरे. पण त्याला तो धंदा येत होता.

पौलाचा हा धंदा सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच, अठराव्या अध्यायात, एक प्रसंग आहे व तो मला या सर्व विवेचनाचे मूळ वाटतो. अपुल्लोस नावाचा आलेक्सांद्रियाचा मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, इफिसास येऊन सभास्थानात बोलू लागला. त्याचे बोलणे तंबू शिवणाऱ्या एका जोडप्याने, प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी, ऐकले. त्यात काय उणे आहे ते त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून सांगितला. विद्वानाला कारागिरांनी शिकविले. त्या दोघांत स्त्रीचे नाव आधी आहे, हेही पाहून ठेवावे, कारण मंडळ्यांत बहुसंख्य स्त्रिया असताना शिक्षणाच्या यादीत त्यांची नावे अजून शेवटी येतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते स्वतःच्या हातांनी जुळवून छापले. शंभर वर्षांपूर्वी अनाथ, परित्यक्ता स्त्रियांच्या हाती हिब्रू आणि ग्रीक अक्षरांचे खिळे देता आले. मग मावची मुलीच्या हाती हिब्रूचे पुस्तक देता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

तेव्हा माझे म्हणणे असे, की पाळक जेथे सेवा करावयाची तेथेच घडावा, आणि पूर्ण विद्येने घडावा. पाठशाळेने विद्यार्थ्याला उचलून नेण्याऐवजी आपला अध्यापक पाठवावा. हे अशक्य नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातील एका लहान प्रेस्बिटेरियन सेमिनरीने, शहरात आणलेले विद्यार्थी खेड्यात परतत नाहीत हे पाहून, अध्यापकांनीच खेड्यांत जावयाचे ठरविले, आणि पुढे ती पद्धत भारतातही आली. दुर्दैवाने आपण तिचे पुस्तकी रूप तेवढे घेतले. टपालाने प्रश्नपत्रिका जाऊ लागल्या, गुरू गेला नाही. नर्मदेच्या बुडीत क्षेत्रात, जेथे महाराष्ट्राची ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली, तेथील लोकांनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या आधाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीवनशाळा उभारल्या आणि आपल्याच बोलीत मुलांची पुस्तके केली. इतकी साधी माणसे पाण्याच्या कडेला बसून जे करू शकली, ते साधनसंपन्न पाठशाळांना जड का जावे?

अडचण एकच खरी आहे आणि ती वेळेची. दिवाळीनंतर या भागातील टोळ्या कोयते घेऊन गुजरातेतील उसाच्या फडांवर जातात, आणि त्यांच्याबरोबर मंडळीही जाते, कित्येकदा पाळकही जातो. पावसाळ्याच्या तोंडी सारे परततात. तेव्हा जूनपासून दसऱ्यापर्यंत जे दिवस मिळतात, तेच येथील विद्यापीठाचे वर्ष. दिवसा शेत, संध्याकाळी अध्ययन. परीक्षा तोंडी, मावचीत किंवा पावरीत, आणि परीक्षकांत मंडळीतील एक म्हातारी बाई असावी, जिला समजले तर उत्तर बरोबर. अशी पाच-सहा वर्षे गेल्यावर, सेवेत मुरलेल्या माणसाला पुण्याच्या ग्रंथालयात वर्षभर खुशाल पाठवावे. तो तेथून परत येईल, कारण त्याची मंडळी त्याची वाट पाहत असेल.

पुण्यातील पाठशाळांच्या विश्वस्तांना माझी विनंती मोठी नाही. आपला एक हिब्रूचा अध्यापक येत्या आषाढात नवापूरला पाठवा आणि दसऱ्यापर्यंत त्याला तेथेच ठेवा. त्याच्या राहण्याची सोय मंडळी करील.